वीस सह्या आणि एक डबा

यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा मी म्हटलं, आपण पडलो रेल्वेच्या दूरसंचार विभागातले डिप्लोमावाले. केबल, जोडणी आणि बिघाड यांखेरीज आपल्याला काय येतं? उत्तर आलं, "मग त्यावरच लिहा." म्हणून टीव्हीशेजारच्या त्या काळ्या डब्याचा, म्हणजे सेट टॉप बॉक्सचा, इतिहास लिहितो आहे. बिलासपूरच्या आपल्या मराठी घरांचाही त्यात थोडा वाटा आहे.

आपल्या देशात दूरदर्शनचं प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झालं. पण छत्तीसगडचा मान वेगळाच आहे. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले. त्यात तेव्हाच्या मध्य प्रदेशातली रायपूर परिसरातली खेडीही होती. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या छत्र्या तिथे उभारल्या होत्या. म्हणजे या भागात उपग्रहाची छत्री आधी खेड्यात आली, शहरात नंतर.

१९९१ च्या जानेवारीत आखाती युद्ध पेटलं आणि परदेशी वाहिन्यांची चित्रं आपल्याकडच्या मोठ्या हॉटेलांत दिसू लागली. त्याच वर्षी स्टार टीव्ही आला, २ ऑक्टोबर १९९२ ला झी. मग गल्लोगल्ली केबलवाले उभे राहिले. गच्चीवर छत्री, खोलीत यंत्रं आणि विजेच्या खांबांवरून, झाडांवरून ओढलेली काळी तार. सरकारने १९९४ मध्ये अध्यादेश काढला आणि १९९५ मध्ये केबलचा कायदा केला, तोवर तार घराघरांत पोचली होती.

मी नोकरीनिमित्त इथे आलो आणि वडील गेल्यावर २००९ मध्ये आई गावाहून माझ्याकडे राहायला आली. तिला हिंदी समजायचं, पण करमायचं नाही. आमच्या केबलवर मराठीचं नाव नव्हतं. आम्ही कॉलनीतल्या वीस घरांच्या सह्या गोळा केल्या आणि केबलवाल्याकडे गेलो. तो हसून म्हणाला, "साहब, बीस घर के लिए अलग मशीन कैसे लगाऊँ?"

तेव्हा राग आला. घरी येऊन हिशोब केला तेव्हा कळलं, माणूस खोटं बोलत नव्हता. जुन्या ॲनालॉग पद्धतीत प्रत्येक चॅनलसाठी वेगळा रिसीव्हर आणि वेगळा मॉड्युलेटर लागतो आणि तारेत सात-आठ मेगाहर्ट्झची जागा त्या एकट्याला द्यावी लागते. डबे थोडे, प्रवासी फार. एक मराठी चॅनल चढवायचं तर दुसरं कुठलं तरी उतरवावं लागणार. शिवाय तारेत जे सोडलं ते सगळ्यांच्या घरी सारखंच जाणार. वीस घरांना एक आणि बाकीच्यांना दुसरं, अशी सोयच नव्हती.

ती सोय डब्याने केली. त्याच आठ मेगाहर्ट्झमध्ये आकडी पद्धतीने दहा-बारा साधी चॅनलं बसतात. ती सांकेतिक करून सोडतात आणि प्रत्येक डब्याला स्वतःचा क्रमांक असतो. कुठल्या क्रमांकाला काय उघडायचं हे मुख्य केंद्रातून ठरतं. आपल्या मंडळींना सोप्या भाषेत सांगायचं तर हे टोकनच. सिंगल लाइनवर टोकन हातात आल्याशिवाय गाडी सुटत नाही, तसं किल्ली आल्याशिवाय चित्र उघडत नाही.

हा डबा एका रात्रीत आला नाही. २००२ मध्ये कायदा बदलला, १ सप्टेंबर २००३ पासून चेन्नईत तो लागू झाला. दिल्ली, मुंबई, कोलकात्याच्या काही भागांत २००७ उजाडलं. तेव्हा मोफत चॅनलांचा मूळ संच जास्तीत जास्त ७७ रुपये आणि पैसे भरून घ्यायचं चॅनल ५ रुपये, असा दर होता. २०११ च्या दुरुस्तीनंतर सगळ्या देशाची पाळी आली. आपल्यासारख्या शहरांची मुदत ३१ डिसेंबर २०१५ होती, ती पुढे ३१ जानेवारी २०१७ पर्यंत लांबली.

आमच्याकडे डबा २०१६ मध्ये बसला. पिवळी, पांढरी, लाल अशा तीन तारा. पोराने घाईत पिवळी लालमध्ये खोचली, तर आवाज आला आणि चित्र नाही! नंतर मी शहाणपणा करून आईच्या खोलीतल्या दुसऱ्या डब्यासाठी बाजारातला स्वस्त स्प्लिटर लावला. दोन वाटांच्या स्प्लिटरमध्ये साडेतीन डेसिबल तरी जातात, म्हणजे निम्म्याहून जास्त ताकद. पूर्वी सिग्नल कमी झाला तर पडद्यावर मुंग्या यायच्या, तरी माणूस ओळखू यायचा. आता चित्राच्या फरशा होऊन ते गोठलं. तारेचं हाताने पिळलेलं टोक कापून नीट कनेक्टर बसवला, स्प्लिटर बदलला, तेव्हा गाडी रुळावर आली. आणि आईचं मराठी चॅनल लागलं. त्यासाठी एकही सही लागली नव्हती.

खरी गंमत पुढे झाली. १ फेब्रुवारी २०१९ पासून नवीन दरपद्धत आली. १०० चॅनलांपर्यंत जास्तीत जास्त १३० रुपये, कर धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि पैशांच्या चॅनलांची किंमत वेगळी. (२०२० मध्ये त्याच रकमेत २०० चॅनलं झाली, २०२४ मध्ये ही कमाल मर्यादाच काढून टाकली.) आपली चॅनलं आपण निवडून कळवायची होती. केबलवाल्याने फॉर्म वाटले. आपण ते पेपरांच्या रद्दीत ठेवले. ज्यांनी कळवलं नाही त्यांच्यासाठी त्याने छत्तीसगडला साजेशी यादी लावून टाकली. त्या संध्याकाळी आईने विचारलं, "माझं चॅनल गेलं का रे?"

गेलं होतं, आणि या वेळी दोष ना यंत्राचा होता, ना केबलवाल्याचा. दुसऱ्या दिवशी मी फॉर्म भरला आणि पुढच्या रविवारी कॉलनीतल्या बाकीच्या घरांचेही भरून घेतले. दोन घरं म्हणाली, "जाऊ द्या हो, पोरं कुठे मराठी बघतात?" मला ते वाक्य चॅनल जाण्यापेक्षा जास्त लागलं.

पूर्वी वीस सह्या पुरेशा नव्हत्या. आता एक पुरते, पण ती आपली आपण करावी लागते. परमुलखात राहणाऱ्याला यंत्र आपोआप मराठी देणार नाही. मागितलं तर नाही म्हणणारही नाही.

आई २०२१ मध्ये गेली. तिचं चॅनल अजून आमच्या यादीत आहे. तुमच्या यादीत काय आहे ते घरी गेल्यावर एकदा बघा.