नर्सिंग होममध्ये दाखल करण्याआधी काय पाहावे?

अम्मी-अब्बूंना रात्री-अपरात्री जवळच्या नर्सिंग होममध्ये न्यायची वेळ आली की आपण फक्त डॉक्टरांचे नाव विचारतो. आणखी तीन गोष्टी पाहायला हव्यात.

मालक: महाराष्ट्रात १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यानुसार नोंदणीचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावे लागते. नोंदणी कुणाच्या नावावर, खाटा किती, हे त्यावरून कळते. दर ३ वर्षांनी नूतनीकरण लागते, मुदत बघा.

कर्मचारी: प्रशिक्षित नर्सचे प्रमाण योग्य नसेल तर नोंदणी नाकारता येते. रात्रपाळीला कोण असते, बिनधास्त विचारा.

तपासणी: शहरात ती महापालिकेचा आरोग्य विभाग करतो. अहवालासाठी १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात अर्ज करता येतो. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते.

म्हणूनच आम्ही सांगतो, मोहल्ल्यातल्या नर्सिंग होमची चौकशी आजारपण येण्याआधीच करून ठेवा.