पेव आणि कोठी

दगडी इमारत म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें देऊळ, किल्ला किंवा राजवाडा येतो. शेतकऱ्याच्या श्रमाचें फळ जेथें सांभाळलें गेलें, त्या धान्याच्या घराकडे मात्र इतिहासाचें लक्ष क्वचितच जातें.

अकोला जिल्ह्यांतील बार्शीटाकळी हें गांव घ्या. तेथील जुन्या दगडी देवळांत शके १०९८ चा, म्हणजे इसवी सन ११७६ च्या सुमाराचा शिलालेख आहे. त्या काळीं या भागांत दगड घडविणारे निष्णात कारागीर होते, हें त्या देवळावरून उघड दिसतें. मग वऱ्हाडच्या कुणब्यानें आपली ज्वारी दगडी कोठारांत कां ठेवली नाहीं?

याचें उत्तर जमिनींत आहे. वऱ्हाडची काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावर भिंत स्थिर राहत नाहीं. म्हणून शेत काळींत, तर वस्ती पांढरीवर. याच पांढरींत तोंडाशीं अरुंद व पोटांत रुंद असें पेव खणीत. तळाला आणि कडांना कडबा लावून त्यांत ज्वारी भरीत व तोंड मातीनें लिंपून टाकीत. कोंडलेलें धान्य आंतील प्राणवायु संपवितें. मग किडीला जगतां येत नाहीं. पेव उघडल्याबरोबर आंत उतरणें जिवावर बेतत असे, तें याच कारणानें.

परंतु धान्य शेतकऱ्याच्या घरून सरकारच्या ताब्यांत गेलें म्हणजे त्याचें घर कसें बदलतें, तें कोल्हापूरजवळच्या पन्हाळगडावर दिसतें. पावसाळी हवेच्या त्या खडकाळ माथ्यावर पेवाचा उपयोग नव्हता. तेथील अंबरखान्यांत गंगा, यमुना व सरस्वती अशा तीन दगडी कोठ्या आहेत. त्यांत गंगा सर्वांत मोठी : क्षेत्रफळ सुमारें १०,२०० चौरस फूट, उंची ३५ फूट. आंत १६ खण असून प्रत्येकाच्या छतास एक भोंक ठेवलेलें आहे. बाहेरील पायऱ्यांनीं धान्य माथ्यावर नेऊन तें भोंकांतून आंत ओतीत. भात, नाचणी, वरी मिळून २५,००० खंडी धान्य तींत मावे, असें सांगतात. १६६० सालीं शिवाजीमहाराज गडावर असतां सिद्दी जौहरनें वेढा घातला. अशा प्रसंगीं तटाइतकाच आधार कोठीचा असतो. कारण तट शत्रूला अडवितो, भुकेला नाहीं.

कोठी आज उभी आहे, म्हणून तिला नांव आहे आणि तिची मापेंही नोंदलेलीं आहेत. पेव बांधणाऱ्यानें मात्र दगडाऐवजीं मातीचा आणि हवेचा स्वभाव ओळखून तेंच काम साधलें. त्याची विद्या कमी प्रतीची नव्हती. ती केवळ जमिनीखालीं राहिली. तेव्हां जुन्या वाड्याचा पाया खणतांना कोठें एखादें पेव लागलें, तर तें बुजविण्यापूर्वीं त्याची खोली व रुंदी तेवढी लिहून ठेवावी. कुणब्याच्या शिल्पाचा तोच शिलालेख होय.