बॅकअप कोड म्हणजे काय? फोन हरवल्यावर अकाउंट कसं उघडायचं?

गेल्या पावसाळ्यात दादरच्या ब्रिजवर गर्दीत माझा फोन गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी एक इंटरव्ह्यू होता आणि त्याची लिंक जीमेलमध्ये. जुन्या कंपनीचा लॅपटॉप मी आधीच परत केला होता. मित्राच्या लॅपटॉपवर लॉगिन करायला बसलो. पासवर्ड पाठ होता, पण पुढे सहा आकडी कोड मागितला. तो देणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप चोराच्या खिशात!

म्हटलं ठीक आहे, डुप्लिकेट सिम घेऊ, एसएमएसवर ओटीपी येईल. संध्याकाळी सिम मिळालं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "दादा, चोवीस तास एसएमएस येणार नाहीत." आपल्याकडे हा नियमच आहे. कुणी तुमच्या नावाने परस्पर सिम काढून ओटीपी पळवू नये म्हणून सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद असतात. नियम चांगलाच आहे, पण त्या दिवशी माझा प्लॅन बी तिथेच संपला.

हे का होतं ते समजून घ्या. अ‍ॅप सेट करताना आपण क्यूआर कोड स्कॅन करतो, तेव्हा एक गुप्त किल्ली फोनमध्ये साठवली जाते. तीच किल्ली सर्व्हरकडेही असते. किल्ली आणि घड्याळातली वेळ यांचं गणित करून दर ३० सेकंदांनी नवा कोड तयार होतो. म्हणून हे अ‍ॅप इंटरनेट नसतानाही चालतं. या पद्धतीला टीओटीपी म्हणतात, तिचं स्टँडर्ड २०११ मध्ये आलं. फोन गेला की किल्ली गेली, आणि पासवर्ड कितीही बरोबर असला तरी दार उघडत नाही.

गूगल ऑथेंटिकेटरमध्ये २०२३ पासून या किल्ल्या गूगल अकाउंटमध्ये सिंक करता येतात. बाकी साइट्ससाठी हे उत्तम. पण खुद्द गूगल अकाउंटचाच कोड त्यात असेल तर? कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून दार ओढून घेतल्यासारखं.

इथे बॅकअप कोड कामाला येतात. गूगल अकाउंटच्या सिक्युरिटी विभागात २-स्टेप व्हेरिफिकेशन उघडा, तिथे बॅकअप कोड्स दिसतील. एका वेळी १० कोड मिळतात, प्रत्येक ८ आकडी, आणि एक कोड एकदाच चालतो. नवा संच काढलात की जुना रद्द. इन्स्टाग्राम आणि गिटहबवरही असेच कोड मिळतात. व्हॉट्सअ‍ॅपचं थोडं वेगळं आहे: टू-स्टेप पिनसोबत ईमेल जोडून ठेवा, नाहीतर पिन विसरल्यावर ७ दिवस थांबावं लागू शकतं.

कोड ठेवायचे कुठे? बरेच जण स्क्रीनशॉट काढून गॅलरीत ठेवतात. फोनसोबत तोही जाणार, मग उपयोग काय? स्वतःलाच ईमेल करणं तर त्याहून गमतीशीर. सरळ कागदावर प्रिंट काढा आणि घरच्या कागदपत्रांत ठेवा. मी दोन वर्षांपूर्वी दिवाळीला घरी गेलो होतो तेव्हा असा एक कागद आईच्या एलआयसीच्या फाइलमध्ये ठेवला होता. मग मित्राच्या फोनवरून आईला कॉल केला. तिने चष्मा लावून आठ आकडे वाचले, दोनदा. मेल उघडला. (एक सांगून ठेवतो: तुम्हाला कुणी फोन करून हे कोड मागितले, तर तो फ्रॉडच समजा. इथे कॉल मी केला होता.)

कोड काढून झाले की इन्कॉग्निटो विंडोमध्ये एकदा त्यातला एक वापरून लॉगिन करून बघा. फोनवरून मंजुरी मागितली तर 'दुसरा मार्ग निवडा' दाबा आणि बॅकअप कोड टाका. चालला, की तेवढा कोड कागदावर पेनने खोडा. उरले नऊ.