कळमन्याचा फाल्गुन

वसंत ऋतू आला की इतर गावी कोकिळा गातात. आमच्या कळमन्यात माणसे शिंकतात. फाल्गुन लागून उन्हाला थोडी धार चढली, की बाजाराच्या आवारात लाल मिरचीच्या पोत्यांच्या थप्प्या उभ्या राहतात, आणि पहाटेच्या वाऱ्याबरोबर तिचा ठसका थेट आमच्या अंगणापर्यंत येतो. नवा भाडेकरू पहिल्या दिवशी दारे-खिडक्या लावून बसतो. पुढच्या वर्षी तोच सकाळी नाकाला रुमाल लावून विचारतो, "काय हो, आज आवक कशी आहे?" म्हणजे गडी कळमनेकर झाला असे समजावे.

आमच्या वस्तीत पेन्शनरांचा भरणा मोठा. रेल्वेतले, शाळांतले, सरकारी कचेऱ्यांतले पुष्कळजण नोकरी संपल्यावर फंडाच्या पैशांतून इथे प्लॉट घेऊन राहिले. मीही त्यांतलाच. सकाळी कडुनिंबाच्या पारावर आमची बैठक भरते. तिथे दिल्ली-मुंबईच्या बातम्यांना दुसरा नंबर. पहिला नंबर मिरचीच्या भावाचा, त्यानंतर मृग बहाराच्या संत्र्यांचा, आणि आभाळ भरून आले असेल तर गारपिटीच्या भीतीचा. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर जी गारपीट झाली, तिची आठवण अजून निघते. शेत सोडून चाळीस वर्षे झालेली माणसेही तेव्हा आभाळाकडे पाहताना एकदम गप्प होतात.

या कळमन्याला इतिहास आहे, असे मी एकदा पारावर म्हणालो, तर मंडळी हसली. इतिहास म्हटला की किल्ला पाहिजे, निदान एखादी पडकी वेस तरी! पण बाजाराचाही इतिहास असतो. आमच्या नागपुराइतका तो उघडा-वाघडा दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल. गोंड राजा बख्त बुलंद याने 1702 साली हे शहर वसवले, पुढे भोसल्यांच्या काळात ते वाढले, आणि वाढताना त्याने आठवड्याचे वारच पेठांना देऊन टाकले. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी. ज्या दिवशी बाजार, त्या दिवसाचे नाव. परक्या माणसाला पत्ता सांगावा तर तो म्हणतो, "मी वार विचारला नाही, ठिकाण विचारले!"

कळमना मात्र या आठवड्यात कुठेच बसत नाही. ते शहराच्या पूर्वेचे एक साधे खेडे. पारडी, भरतवाडा, पुनापूर ही त्याची शेजारची गावे. त्याच्या शिवाराला पहिल्यांदा जाग आली ती रेल्वेने. मुंबईहून आगगाडी नागपुरापर्यंत 1867 साली पोचली. त्यापुढे छत्तीसगडचे धान्य ओढून आणण्यासाठी 1880 च्या सुमारास राजनांदगावकडे मीटरगेज लोहमार्ग घालण्याचे काम सुरू झाले. पुढे 1887 साली निघालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन रुंद केला. इतवारी आणि कामठी यांच्या मध्ये कळमना स्टेशन आहे ते याच मार्गावर. गाड्या धडधडत जात, गाव आपले गहू-हरभऱ्यात गुंतलेले असे. माल त्याच्या अंगावरून जाई, त्याच्या दारात थांबत नसे.

तो थांबे इतवारीत. माझे वडील उमरेडकडचे लहान शेतकरी. इतवारी ते नागभीड ही अरुंद मापाची गाडी 1908 पासून होती. 2019 साली मार्ग रुंद करण्यासाठी ती बंद पडेपर्यंत तिने तीन पिढ्यांची मिरची वाहिली. त्या गाडीने वडील फाल्गुनात चार-सहा पोती घेऊन शहरात येत, आणि एका वर्षी मलाही त्यांनी बरोबर आणले होते. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. अडत्याच्या ओट्यावर दोन माणसे समोरासमोर बसली, हातांवर रुमाल टाकला, आणि रुमालाखाली बोटे चालू लागली. तोंडाने अक्षर नाही! मला वाटले, काही जादूचा खेळ आहे. वडील मात्र त्या रुमालाकडे टक लावून पाहत होते. त्यांच्याच मालाचा भाव तिथे ठरत होता आणि तो त्यांना दिसत नव्हता.

मग हाती आली पट्टी. अडत, हमाली, तोलाई, वटाव, कडता, धर्मादाय, गोरक्षण, आणि पोत्यातून ओंजळभर नमुना गेला तो निराळाच. परतीच्या गाडीत वडिलांनी ती पट्टी तीनदा वाचली. "धर्म आपण केला, पुण्य कोणाला गेलं काय माहीत," एवढेच म्हणाले, आणि कागद घडी घालून टोपीत ठेवला. त्या अडत्याचे नाव मी सांगत नाही. तो काही विशेष वाईट माणूस नव्हता, रीतच तशी होती.

ही रीत मोडावी म्हणून आपल्याच विदर्भात फार जुनी खटपट झालेली आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कारंज्याला 1886 साली कापसाचा नियमबद्ध बाजार सुरू झाला. 1897 साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. दलालाला परवाना, मनमानी वर्गणीला बंदी, देखरेखीला समिती, असे त्याचे स्वरूप होते. अर्थात यामागे लँकेशायरच्या गिरण्यांना चांगला कापूस हवा होता, शेतकऱ्याचे प्रेम उतू चालले नव्हते. म्हणूनच त्या समित्यांवर व्यापारी बसले आणि पिकवणारा दाराबाहेर राहिला. 1928 साली शेतीविषयक शाही कमिशनने रुमालाखालचे सौदे आणि खोटी वजने यांवर कडक लिहिले. मध्य प्रांतात 1932 साली कापसासाठी आणि 1935 साली इतर शेतमालासाठी कायदे आले. कायदा आला म्हणून रुमाल लगेच उचलला गेला नाही, याला माझे बालपण साक्षी आहे! महाराष्ट्राचा कायदा 1963 चा. त्यात बाजार समितीवर शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींचे बहुमत ठेवले गेले आणि लिलाव उघड्यावर आला.

उघड्या लिलावाला उघडी जागा लागते. इतवारीच्या बोळांत बैलगाडी वळत नव्हती, तिथे ट्रक कुठून वळणार? म्हणून शहराबाहेर, रेल्वे आणि भंडारा रस्ता या दोहोंच्या जवळ, कळमन्याच्या जमिनीवर मोठे आवार उभे राहिले. पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्ड हे त्याचे कागदावरचे नाव. टॅक्सीवाल्याला ते सांगितले तर तो गोंधळेल. धान्य आले, मिरची आली, संत्री आली, बटाटे-कांदे आले. वैशाखात तेलंगण-आंध्राकडची बैंगनफल्ली येते, तेव्हा ठसका जाऊन साऱ्या वस्तीला गोड वास सुटतो.

बाजारामागून वस्ती आली. शेतांचे प्लॉट पडले, तेही आधी घरे आणि मग रस्ते अशा उलट्या क्रमाने. नागपुरात 'एकोणीसशे लेआउट' हा शब्द ऐकू येतो तो अशाच विनापरवाना आखणीचा, आणि 2001 च्या गुंठेवारी कायद्याने त्यांना नियमित करण्याची वाट काढली. ज्यांची शेते होती त्यांच्यापैकी काहींनी पैशांचे सोने केले, काहींची मुले आज त्याच आवारात पाठीवर पोती वाहतात. वाढ झाली असे आम्ही पेन्शनर मोठ्या तोंडाने म्हणतो, तेव्हा हे शेवटचे वाक्य सहसा गाळतो.

कायदेही फिरत राहिले. 2016 साली राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरवले. 2020 साली केंद्राचे नवे कायदे आले आणि 2021 च्या अखेरीस मागे गेले. पारावर त्यावर फार भांडणे झाली, दोघा जुन्या मित्रांनी महिनाभर अबोला धरला.

गेल्या फाल्गुनात मी सहज मिरचीच्या आवारात गेलो होतो. लिलाव चालला होता, भाव मोठ्याने पुकारला जात होता. कुहीकडचा एक म्हातारा आपल्या पोत्यांपाशी उभा होता. रुमाल होता, पण तो त्याच्या नाकाला. काट्यावर पोते चढले, आकडा लागला, हमालाने ते उतरवायला हात घातला.

"थांब बापू," म्हातारा म्हणाला, "तुझा पाय काट्याला लागला होता. पुन्हा ठेव."

हमाल कुरकुरला. मागच्यांनी घाई केली. म्हातारा जागचा हलला नाही. पोते पुन्हा चढले, आकडा चारशे ग्रॅमने बदलला, आणि मापाड्याने पहिला आकडा खोडून दुसरा लिहिला. म्हाताऱ्याने मान लांब करून तो वाचला, आणि मग पुढच्या पोत्याला हात लावला.