टोचन : हुगळीच्या पात्रापासून लालबाजारापर्यंत

वाटेत बंद पडलेली मोटार दुसऱ्या वाहनामागे दोराने बांधून नेण्याच्या ज्या क्रियेला आपल्याकडील मेकॅनिक आणि ट्रकवाले 'टोचन लावणे' म्हणतात, तिचा इतिहास मोटारीपासून सुरू होतो असा सर्वसाधारण समज असला, तरी कलकत्त्यापुरता तो खरा नाही. या शहरात ओढून नेण्याचा धंदा प्रथम उभा राहिला तो पाण्यावर, आणि तोही मोटारीच्या जन्माला अर्धशतक अवकाश असताना. समुद्रापासून शंभराहून अधिक मैल आत वसलेल्या या बंदराच्या वाट्याला हुगळीचे जे पात्र आले, त्यातील वाळूचे दांडे जागा बदलत, भरती-ओहोटीचे प्रवाह घोड्याच्या वेगाने धावत, आणि वारा पडला म्हणजे शिडाची जहाजे मालासकट दिवसेंदिवस नांगरून पडत. तेथील एका दांड्यास 'जेम्स अँड मेरी' हे जे नाव पडले आहे, तेच मुळी १६९४ साली त्यावर फुटलेल्या जहाजाचे स्मारक होय.

अशा नदीत वाऱ्याची आर्जवे न करता जहाज धक्क्याला आणून देणारी आगबोट म्हणजे व्यापाऱ्यांना वरदानच वाटले असल्यास नवल नाही. 'फोर्ब्स' नावाच्या आगबोटीने तर १८३० मध्ये 'जेमसिना' हे अफूचे जहाज मागे बांधून चीनच्या किनाऱ्याकडे नेण्याचे धाडस केले होते. पुढे हीच बोट रवींद्रनाथांचे आजोबा द्वारकानाथ ठाकूर यांनी १८३६ च्या सुमारास विकत घेतली, आणि त्यांच्या कार-टागोर कंपनीच्या पुढाकाराने 'कलकत्ता स्टीम टग असोसिएशन' ही मंडळी स्थापन झाली. त्याच वर्षी राणीगंजची कोळशाची खाणही त्यांनी पदरात पाडून घेतली, यात त्यांचे व्यापारी चातुर्य दिसून येते. कारण ओढणाऱ्या बोटीला जाळण्यास लागणारा कोळसा आपल्याच खाणीतून निघावा आणि ओढण्याचे भाडेही आपल्याच पेढीत जमा व्हावे, असा तो दुहेरी बंदोबस्त होता. द्वारकानाथ १८४६ साली लंडनमध्ये निवर्तले व दोनच वर्षांत त्यांच्या पेढीचेही दिवाळे वाजले, तथापि नदीवरील टगांचा, म्हणजे ओढणाऱ्या आगबोटींचा, धंदा त्यामुळे थांबला नाही.

त्या धंद्यातील एक रिवाज येथे मुद्दाम नमूद केला पाहिजे. सारे बळ पुढच्या आगबोटीचे असले, तरी हुकूम चाले तो मागच्या जहाजावर उभ्या असलेल्या बंगाल पायलट सर्व्हिसच्या वाटाड्याचा. टग ही ओढल्या जाणाऱ्या जहाजाची चाकर, असेच त्या काळच्या सागरी कायद्याचे सर्वसाधारण धोरण होते. शक्ती दुसऱ्याची घेतली म्हणून सुकाणूची जबाबदारी सुटत नाही, हे जे तत्त्व नदीवर रूढ झाले, त्याचेच प्रतिबिंब पुढे रस्त्यावरील कायद्यात उमटलेले मला दिसते, आणि ही दोन शास्त्रे एकमेकांच्या शेजारी ठेवून पाहण्याची तसदी कोणी घेत नाही याचे आश्चर्य वाटते.

रस्त्यावर तोवर ओढण्याचे काम जनावरांकडे होते. १८७३ च्या फेब्रुवारीत शियालदहपासून आर्मेनियन घाटापर्यंत पहिली घोड्यांची ट्राम धावली. मराठी वाचकाला कौतुक वाटावे अशी गोष्ट म्हणजे, ती सुटे त्या शियालदहला लागून गेलेला सर्क्युलर रोड आपल्या नागपूरकर भोसल्यांच्या स्वारीच्या धास्तीने १७४२ साली खणलेल्या 'मराठा खंदका'च्या वाटेनेच बराचसा गेलेला आहे. ती ट्राम १८७३ सालीच बंद पडली आणि १८८० मध्ये नव्या कंपनीने पुन्हा सुरू केली. परंतु ऑस्ट्रेलियातून आणलेले वेलर घोडे बंगालच्या उन्हात टिकेनात, म्हणून १८८२ मध्ये वाफेच्या इंजिनाचे प्रयोगही करून पाहण्यात आले. अखेर १९०२ मध्ये विजेची ट्राम आली. तिचा मोटारीचा डबा पुढे व त्याला जोडलेला बिनमोटारीचा मागे, आणि पुढचा पहिल्या वर्गाचा तर मागचा दुसऱ्या, अशी जी मांडणी तेथे रुळली, तीत ओढणारा व ओढला जाणारा यांत समाजाने केलेला भेद तिकिटाच्या दरातही दिसे.

बैलगाड्या आणि रेडेगाड्या यांची कथा अधिक कठोर आहे. मुक्या जनावरांच्या छळास आळा घालणारी संस्था कोल्सवर्दी ग्रँट याच्या खटपटीने कलकत्त्यात १८६१ सालीच निघाली होती. पण दयेचा कायदा गरिबाच्या पोटावर आला म्हणजे काय होते, हे १ एप्रिल १९३० रोजी दिसून आले. ऐन उन्हाच्या प्रहरी गाड्या हाकण्यास झालेल्या मनाईविरुद्ध गाडीवानांनी संप पुकारला, आपल्याच गाड्या आडव्या घालून रस्ते रोखले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, आणि माणसे प्राणांस मुकली.

मोटारीसाठी बंगालने १९०३ सालीच स्वतंत्र कायदा केला व पुढल्याच वर्षी मोटारमालकांची ऑटोमोबाइल असोसिएशनही तेथे निघाली. त्यानंतर अखिल हिंदुस्थानासाठी १९१४ चा व मग १९३९ चा अधिनियम आला, १९४० मध्ये बंगालचे नियम झाले, आणि १९८८ च्या अधिनियमाखाली १९८९ साली जी रस्ता-विनियमावली निघाली, तिच्यातील विसाव्या कलमात टोचनाचा जाबता मांडला गेला. बिघडलेल्या किंवा अपुऱ्या जुळणीच्या वाहनाशिवाय, अथवा नोंदलेल्या ट्रेलर वा साइडकारशिवाय, दुसरे काही ओढू नये. ओढल्या जाणाऱ्या गाडीत परवानाधारक चालक बसलेला असावा, किंवा तिची सुकाणूची चाके क्रेनने जमिनीपासून अधांतरी उचललेली असावीत. दोन गाड्यांमधील अंतर ५ मीटरांपेक्षा अधिक असू नये. दोर वा साखळी इतरांच्या सहज नजरेत भरावी. मागे पांढऱ्या पाटीवर किमान ७५ मिलिमीटर उंचीच्या काळ्या अक्षरांत 'ऑन टो' असे लिहिलेले असावे. आणि वेग ताशी २४ किलोमीटरांच्या वर जाऊ नये. हे चोविसाचे परिमाण म्हणजे जुने १५ मैल आणि ते ७५ मिलिमीटर म्हणजे जुने तीन इंच, हे उघड दिसते. दशमान पद्धतीचा अंगरखा चढवूनही जुने शरीर आत तसेच होते. २०१७ मध्ये या विनियमावलीची जागा नव्या विनियमांनी घेतली.

चालकाची ही अट निव्वळ दप्तरी नव्हे. इंजिन बंद असता ब्रेकला मिळणारी निर्वाताची मदत जाते, सुकाणू जड होते, आणि पुढची गाडी मंदावली की दोर सैल पडून पुढच्या क्षणी हिसक्याने तुटतो. तो ताणलेला राखण्याचे काम मागच्या माणसाच्या ब्रेकवर असते. हुगळीकाठच्या उत्तरपाड्यात तयार झालेली आणि कलकत्त्याच्या पिवळ्या टॅक्सीचा देह बनलेली अँबॅसडर या कामी सोयीची गाडी होती : मागच्या चाकांना गती, हाताचे गिअर, न्यूट्रलमध्ये टाकली की निमूटपणे चालू लागे. तिचा पोलादी बंपर पाहून दोर तेथेच बांधण्याचा मोह नवख्याला होई, पण जाणता मिस्त्री तो खालच्या सांगाड्यालाच गुंडाळी. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीची गोष्ट निराळी. तिच्या गिअरपेटीतील तेल इंजिनाच्या जोरावर फिरते, म्हणून गती मिळणारी चाके जमिनीवर ठेवून तिला ओढत नेले तर पेटीच जळते.

मालकाच्या मर्जीविरुद्ध ओढण्याचा अधिकार सरकारला मिळाला तो १९८८ च्या अधिनियमाच्या १२७ व्या कलमाने. दहा तास बेवारस उभी असलेली, अथवा मनाईच्या जागी लावलेली गाडी गणवेशातील पोलीस अंमलदार उचलवू शकतो, आणि ती उचलण्याचा खर्च दंडाखेरीज वर मालकानेच भरायचा असतो. रस्त्यांच्या वाट्याला मुळातच थोडी भूमी आलेल्या शहरात लालबाजारच्या पोलीस मुख्यालयातील वाहतूक खात्याला हे कलम किती उपयोगी पडत असेल हे सांगायला नको. नदीवरही दोराचे पैसे मागच्यानेच मोजायचे असत, फक्त तेथे निदान बोलावणे त्याच्याकडून गेलेले असे.

अलीकडे मात्र सपाट पाठीच्या ट्रकवर साऱ्या गाडीलाच चढवून नेण्याची रीत वाढली आहे. चारही चाके जमिनीवरून उठली की ती मोटार ओढली जात नाही, वाहिली जाते; मग ना चालक, ना पाटी, ना दोर, आणि मालक ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून जातो. मालाच्या लॉऱ्यांना मात्र अशी पालखी सहसा मिळत नाही, आणि त्यांचे टोचन अजून साखळीनेच चालते.