कवळी काढली म्हणून जबडा झोपत नाही

‘कवळी रात्री वाटीत ठेवली की दात खाण्याचा प्रश्नच मिटला,’ असं जुन्नर-आंबेगावात सर्रास बोललं जातं. पूर्वपक्ष बिनतोड वाटतो: दातच नाहीत, तर घासणार काय?

पण आवळतात ते स्नायू. गालावर बोटं टेकवून जबडा आवळून पाहा, मागच्या बाजूला टणक फुगवटा लागतो. बोळक्या तोंडाच्या माणसालाही तो लागतो. 1961 मध्ये दंततज्ज्ञ रॅमफ्योर्ड यांनी दोष दातांच्या जुळणीला दिला होता. लोकसमजूत अजून तिथंच अडकली आहे. पुढे झोपेच्या प्रयोगशाळांत दिसलं ते असं की आधी मेंदू क्षणभर जागा होऊ पाहतो, नाडी वाढते आणि मग जबडा आवळला जातो. 2018 च्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय सहमतीनं तर झोपेत दात खाण्याची व्याख्याच चावण्याच्या स्नायूंच्या हालचालीवर बांधली.

रात्री कवळी काढावी हे मात्र खरंच. जपानमधल्या 85 वर्षांपुढच्या वृद्धांच्या 2015 च्या अभ्यासात, कवळीसह झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त आढळला. तेव्हा दिवसाचीच कवळी रात्रीही घालणं हा उपाय नव्हे.

खरे हाल होतात ते वर पूर्ण कवळी आणि खाली पुढचे स्वतःचे दात असलेल्यांचे. खालचे पुढचे दात बहुधा सगळ्यांत शेवटी पडतात, त्यामुळे मंचर-नारायणगावच्या बाजाराला येणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांत अशी तोंडं असणारच. वरच्या पुढच्या भागातलं हाड दिवसा कवळीखाली झिजतं, हे दंततज्ज्ञ केली यांनी 1972 मध्येच मांडलं. रात्री कवळी काढली की खालचे तेच दात वरच्या उघड्या हिरडीवर रुततात.

अशांना रात्रीसाठी वेगळी प्लेट हवी. ठसा घ्यायचा, दोन जबड्यांमधलं अंतर मेणात नोंदवायचं आणि कडक अॅक्रिलिकमध्ये, दातांच्या जागी सपाट गुळगुळीत कडा ठेवून ती बनवायची. बसवताना रंगीत कागद चावायला द्यावा. ठिपके सारखे उमटले तर ठीक. पुढं एकच गडद उमटला तर तेवढंच घासून पुन्हा चावायला द्यायचं. हे काम घाईनं होत नाही. मेडिकलमधलं तयार रबरी गार्ड दातांवर बसण्यासाठी असतं, हिरडीवर ते टिकत नाही.

मग ही प्लेटही कवळीच ना, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच ती सरसकट देऊ नये. दोन्ही जबडे बोळके आणि सकाळी काही दुखत नसेल, तर तोंड मोकळं ठेवून झोपावं. प्लेट दिलीच तर ती रोज ब्रशनं घासावी आणि दिवसा काही तास हिरड्या उघड्या ठेवाव्यात. आवळणं तिनं थांबत नाही, फक्त भार वाटला जातो. घोरताना श्वास अडकत असेल, तर प्लेटच्या आधी त्याची तपासणी व्हावी.