नवे उपग्रह, जुने यंत्र आणि अर्काटचे सय्यद मोहसीन

माझा भाचा जमीनमोजणीची कामे करतो. परवा त्याने विचारले, "मामू, आज रिसीव्हर घेतला आणि उद्या नवे सिग्नल आले तर पैसे पाण्यात?" त्याला मी इतिहासच सांगितला.

2 मे 2000 रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक थांबवली. लोकांच्या हातातले साधे रिसीव्हर काहीही न बदलता अचूक झाले. पण 2005 मध्ये एल-2सी हा नवा नागरी सिग्नल देणारा पहिला उपग्रह गेला, तेव्हा सगळ्यांना तो लाभ मिळाला नाही. काही कंपन्यांनी आधीच त्या सिग्नलची सोय ठेवून यंत्रे विकली होती, त्या ग्राहकांचे फावले. 2010 मध्ये एल-5 आला. 2023 मध्ये आपल्या 'नाविक'च्या एनव्हीएस-01 उपग्रहाने एल-1 ही वारंवारिताही दिली. सॉफ्टवेअर मागाहून टाकता येते. पण अँटेनाला जी वारंवारिता पकडताच येत नाही, ती सॉफ्टवेअर कुठून आणणार?

ही चिंता नवी नाही. 1802 मध्ये विल्यम लॅम्ब्टन यांनी मद्रासजवळून भारताची मोजणी सुरू केली. त्यांचा थिओडोलाइट सुमारे अर्धा टन वजनाचा होता. 1808 मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना तो आदळून वाकला. लॅम्ब्टन यांनी तो स्वतः दुरुस्त केला. 1823 मध्ये ते आपल्या हिंगणघाट परिसरात वारले. यंत्र मात्र कामात राहिले. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी नवे यंत्र आणले, तरी जुने फेकले नाही, नव्याने दुरुस्त करून घेतले.

या यंत्रांची देखभाल पुढे ज्यांच्याकडे आली, ते होते अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन. आधीचे इंग्रज कारागीर हेन्री बॅरो गेल्यावर ही जबाबदारी त्यांनी पेलली. एव्हरेस्ट यांचे नाव शिखराला मिळाले. मोहसीन यांचे नाव आपल्या मुलांच्या पुस्तकात शोधूनही सापडत नाही. तक्रार म्हणून नाही, आठवण म्हणून सांगतो: मोजणीच्या या इतिहासात आपलाही हात आहे.

भाच्याला म्हटले, "कोणत्या वारंवारिता पकडतो ते विचार, सॉफ्टवेअर किती वर्षे मिळेल ते लिहून घे, आणि दुरुस्ती करणारा माणूस जवळ आहे का ते बघ." बांधावरून दोन भाऊ कोर्टात जातात, तेव्हा उपग्रह साक्षीला येत नाही. मोजणाऱ्याची सचोटीच येते.